एकट्याचा पहारा

जहाजावर दिवसाचे चोवीस तास पहाऱ्यांत वाटलेले असतात. चार तास सुकाणू आणि क्षितिज सांभाळायचे, मग पुढच्या माणसाला उठवून आपण आडवे व्हायचे, ही शिडांच्या जहाजांपासून चालत आलेली रीत. एकल शिडप्रवासात पहारा वाटून घ्यायला दुसरा कोणी नसतो. तांडेल तोच, खलाशी तोच. स्वयंपाकी, सुतार, शिंपी आणि वैद्यही तोच. त्याच्या दिनचर्येतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, मग ती झोपण्याची पद्धत असो, होडीच्या मागच्या टोकाला बसवलेले यंत्र असो की नोंदवही लिहिण्याची वेळ, त्या नसलेल्या माणसाची जागा भरून काढण्यासाठी असते. या विषयावरच्या लेखनात वादळे आणि विक्रम भरपूर जागा घेतात. प्रवासाचा बहुतेक काळ मात्र पुसणे, शिवणे, बांधणे आणि पाण्याचा हिशेब ठेवणे यांतच जातो.

या प्रवासाची लिखित परंपरा जोशुआ स्लोकमपासून धरतात. २४ एप्रिल १८९५ रोजी त्याने बॉस्टन सोडले आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला नांगर टाकला. सुमारे ३७ फुटांची ‘स्प्रे’ त्याने स्वतःच्या हातांनी जवळजवळ नव्याने बांधली होती. वाटेत तो अनेक बंदरांत थांबला. कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधले फाल्मथ सोडून तो ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. अरबीत ‘सुहैल’ म्हणजे आपला अगस्त्याचा तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीशी जवळीक असलेले नाव या होडीला योगायोगानेच मिळाले असावे, पण शोभले.

भारतात हा विषय रुजला तो निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून. नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेसाठी गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन १९ मे २०१० ला परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला पोचले. कोकण किनाऱ्याला शिडाची ओळख हजारो वर्षांची, पण तिथे होडी नेहमी तांडेल आणि त्याच्या माणसांची राहिली. एकट्याने महासागर ओलांडणे ही इथली जुनी रीत नव्हे.

दिवसाची सुरुवात कुठून धरायची हा प्रश्नच आहे, कारण रात्र सलग झोपेची नसते. तरीही बहुतेक जण उजाडण्याला दिवसाचा आरंभ मानतात, आणि त्या वेळचे पहिले काम म्हणजे डेकवरची फेरी. उष्ण कटिबंधात रात्री येऊन पडलेले पाखरू मासे उचलायचे. ताजे असतील तर तीच न्याहारी. मग नाळेपासून मागच्या टोकापर्यंत प्रत्येक दोर, प्रत्येक कप्पी, प्रत्येक शिवण नजरेखालून घालायची. डेकवर एखादा सुटा खिळा किंवा पिन सापडली तर ती कुठून निखळली हे शोधल्याशिवाय दुसरे काम नाही. डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारांपैकी एकीची पिन निसटली, तर पुढच्या झोतात डोलकाठी खाली येऊ शकते.

लांबच्या प्रवासात वादळापेक्षा घासण जास्त नुकसान करते. होडी क्षणभरही स्थिर नसते. एकाच ठिकाणी टेकलेला दोर दिवसाला हजारो वेळा पुढेमागे होतो आणि बोटाएवढा जाड दोरही काही दिवसांत कापला जातो. म्हणून रोज दोर थोडा ओढून किंवा सोडून घासणीची जागा बदलतात आणि घासणाऱ्या जागी चामडे किंवा जुन्या नळीचा तुकडा बांधतात. विषुववृत्ताजवळच्या निवांत पट्ट्यात, जिथे वारा पडतो पण लाटा राहतात, तिथे शिडे हालत्या होडीबरोबर फटाफट आपटतात. बेताच्या वाऱ्यात आठवडाभर टिकणारी शिवण तिथे एका दुपारीत उसवते. मग दाभण, मेणाचा दोरा आणि तळहातावरचे चामडे घेऊन बसायचे. शिडाचे कापड मांडीवर, पाय कशात तरी अडकवलेले, आणि दर लाटेला सुई भलत्याच ठिकाणी.

आता सुकाणू. चोवीस तास ते हातात धरणे कोणालाच शक्य नाही, म्हणून एकट्याचा प्रवास शक्य होतो तो होडी स्वतःची दिशा स्वतः राखते तेव्हाच. स्लोकमची ‘स्प्रे’ यात विलक्षण होती. शिडे जुळवून सुकाणू बांधून टाकले की ती वाऱ्याशी कोन धरून जात राही. थर्सडे बेटापासून कोकोस (कीलिंग) बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांत, तेवीस दिवसांत, बंदरात शिरण्याचा वेळ धरूनही आपण तीन तासांहून अधिक सुकाणू धरले नाही, असे त्याने नोंदवले आहे. सगळ्या होड्या इतक्या समजूतदार नसतात. त्यांच्यासाठी वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र आले. एकल शर्यतींचे प्रवर्तक ब्लाँडी हॅस्लर यांनी त्याला व्यवहारात उतरवले आणि १९६० च्या अटलांटिक शर्यतीने त्याची उपयुक्तता सिद्ध केली.

या यंत्राची करामत साधी आहे. होडीच्या मागे एक हलकी उभी फळी वाऱ्याच्या धारेत ठेवलेली असते. होडी वळली की वारा फळीच्या सपाट अंगावर लागतो आणि ती कलते. तिचा जोर एवढाच की पाण्यात लोंबणारे एक अरुंद पाते जरासे पिळले जावे. पण पाते पिळले की वाहते पाणी त्याला लंबकासारखे बाजूला ढकलते, आणि तो जोर मोठा असतो. त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढून होडी पुन्हा वाटेवर आणतात. वीज लागत नाही, आणि वारा वाढला की यंत्राचा जोरही वाढतो. उणीव एकच: ते दिशा राखते वाऱ्याच्या संदर्भाने, होकायंत्राच्या नव्हे. झोपेत वारा फिरला तर होडीही मुकाट्याने फिरते. शिडे उत्तम ताणलेली, वेग झकास, आणि होडी निघाली भलतीकडेच, असे दृश्य पाहून उठण्याचा अनुभव कोणालाच चुकलेला नाही; म्हणून झोपण्याच्या जागेवर, पडल्यापडल्या दिसेल असे एक होकायंत्र टांगलेले असते. दर्यावर्दी फ्रान्सिस चिचेस्टरने आपल्या यंत्राचे नाव ‘मिरांडा’ ठेवले होते. विजेवर चालणारी यंत्रे आज सर्रास आहेत, पण त्यांना बॅटरी लागते आणि बॅटरीला सूर्य, वारा किंवा डिझेल. सुकाणूयंत्र मोडले की प्रवास संपला असे मात्र नाही. नॉक्स-जॉन्स्टनचे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झाले. उरलेले अर्धे जग त्याने मुख्यतः शिडांचा तोल साधून पार केले.

दुपारचा मुख्य विधी म्हणजे स्थान काढणे. उपग्रहाच्या यंत्रावर ते आता आकड्यांत वाचता येते, पण ‘गोल्डन ग्लोब’सारख्या जुन्या पद्धतीच्या शर्यतीत आजही सेक्स्टंटच वापरावा लागतो, आणि इतर दर्यावर्दीही सवय मोडू देत नाहीत. सूर्य माथ्यावर चढत असताना त्याची क्षितिजापासूनची उंची पुन्हा पुन्हा मोजायची. ती वाढायची थांबली की स्थानिक मध्यान्ह झाली, आणि त्या उंचीवरून अक्षांश निघतो. मोजणीत अंशाचा साठावा भाग चुकला तर जागा एका सागरी मैलाने, म्हणजे १,८५२ मीटरने चुकते. रेखांश घड्याळावर अवलंबून असतो. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे पुन्हा एक सागरी मैल. एका हाताने स्वतःला सावरत, फवाऱ्यातून भिंग वाचवत, लाटेच्या माथ्यावरच खरे क्षितिज गाठायचे असते. दक्षिण महासागरात ४५ अंशांवर पूर्वेकडे दिवसाला दीडशे मैल कापणाऱ्या होडीची मध्यान्ह रोज सुमारे चौदा मिनिटे आधी येते, त्यामुळे घड्याळाचा दिवस आणि सूर्याचा दिवस यांची फारकत होत जाते. स्थान नकाशावर टिंबाने मांडले, कालच्या टिंबाला रेघेने जोडले, नोंदवहीत वारा, वायुभार, वेग लिहिला, की दिवसातली निश्चित म्हणावी अशी एकमेव गोष्ट पूर्ण होते. नोंदवही नेमाने लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. आदल्या दिवशी काय ठरवले होते हे सांगायला दुसरे कोणी नसते.

पाणी मोजूनमापून. दिवसाला तीन लिटर धरले तरी दीडशे दिवसांना साडेचारशे लिटर होतात. अनेक होड्यांवर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे असतात. त्यांत पाणी वातावरणाच्या पन्नाससाठपट दाबाने पडद्यातून गाळले जाते. पण दाब देणारी कोणतीही वस्तू कधीतरी बिघडते, म्हणून भरलेले डबे वेगळे ठेवतात. पाऊस आला की मोठ्या शिडाखाली पन्हळीसारखा कपडा धरायचा; पहिले खारट पाणी वाहू द्यायचे, नंतरचे साठवायचे. नॉक्स-जॉन्स्टनच्या टाक्यांतले पाणी वाटेत दूषित झाले आणि त्यानंतर त्याने प्रामुख्याने पावसावरच भागवले. भांडी, अंघोळ, कपडे यांना समुद्रच. मात्र खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा खरा वाळतच नाही. त्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. ओल्या, खारट कपड्यांत आठवडेच्या आठवडे बसून मांड्यांना आणि मनगटांना गळवे होतात, ती या पेशातली सर्वांत सामान्य व्याधी.

स्वयंपाकाची शेगडी दोन कड्यांवर झुलती असते. होडी तीस अंश कलली तरी भांडे सपाट राहते, स्वयंपाक करणाराच कलतो. म्हणून तो पट्ट्याने स्वतःला ओट्याशी बांधून घेतो. प्रेशर कुकर इथे वरदान, कारण तो उलटला तरी सांडत नाही. सुरुवातीच्या दोनतीन आठवड्यांत ताजी भाजी, नंतर कांदे, बटाटे, लसूण, मग डबाबंद आणि वाळवलेले अन्न. अंडी व्हॅसलीन चोळून ठेवली आणि दर काही दिवसांनी उलटी केली तर बरेच आठवडे टिकतात. हिरवे काही हवेच असते. त्यासाठी मूग, मटकी भिजवून मोड आणणे यापेक्षा सोपा उपाय नाही. मोड आलेल्या कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होते, आणि ज्या रोगाने जुन्या जहाजांवरची माणसे पटापट मेली त्याला ते पुरते. एकट्याच्या जेवणाचा खरा धोका कंटाळ्याचा आहे. थकलेला माणूस शिजवत नाही, न जेवलेला माणूस आणखी थकतो, आणि मग चुका होतात. म्हणून जाणते दर्यावर्दी भूक असो नसो, दिवसातले एक गरम जेवण चुकवत नाहीत.

झोप हा या दिनचर्येचा कणा आणि तिचा सर्वांत वादग्रस्त भागही. लहान होडीवर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेतीन सागरी मैलांवर असते. मोठे जहाज उंच असल्याने आधी दिसते, पण लाटा आणि धूसर हवा धरता सहासात मैल हाच भरवशाचा आकडा. वीस नॉट वेगाचे मालवाहू जहाज सहा नॉट वेगाच्या होडीकडे समोरून येत असेल तर सात मैल सोळा मिनिटांत संपतात. झोपेचा तुकडा पंधरा ते वीस मिनिटांचा असावा हा रूढ नियम या गणितातून आला आहे. गजर होतो, माणूस उठतो, चौफेर नजर फिरवतो, होकायंत्र आणि शिडे पाहतो, पुन्हा पडतो. किनाऱ्याजवळ आणि जहाजांच्या मार्गांवर हे चक्र पाळावेच लागते. दक्षिण महासागराच्या ओसाड भागात दीडदोन तासांची झोपही घेतली जाते. एलन मॅकार्थरने २०००-०१ च्या ‘वाँदे ग्लोब’ शर्यतीत ९४ दिवसांत ८९१ वेळा डुलकी घेतली. एका डुलकीची सरासरी ३६ मिनिटे. रोजची बेरीज साडेपाच तासांहून थोडी जास्त होते. झोप थोडी नव्हती, तुटक होती.

रडारचे गजर आणि जहाजांची आपोआप ओळख पटवणारी एआयएस यंत्रणा यांनी हा पहारा बराच हलका केला. तरी अर्धवट बुडालेले कंटेनर, हिमखंड, देवमासे आणि यंत्र बंद ठेवलेल्या मासेमारी नौका त्यांना दिसतीलच असे नाही. कायद्याची बाजू अडचणीचीच आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम प्रत्येक नौकेवर सदैव योग्य पहारा असावा असे सांगतो. एकटा माणूस झोपला की तो नियम मोडतो, आणि झोपल्याशिवाय महासागर ओलांडता येत नाही. या विसंगतीकडे जगभर कानाडोळा केला जातो. तिचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

कान मात्र झोपत नाहीत. काही दिवसांत होडीचे आवाज शरीरात भिनतात. पाण्याची सळसळ, कप्पीची करकर, डब्यांची खडखड चालू असेपर्यंत माणूस गाढ असतो. त्यातला एक आवाज बदलला किंवा थांबला की तो गजराआधी जागा होतो.

झोप फारच कमी पडली किंवा आजारपण आले की मन स्वतःहून सोबती निर्माण करते. अझोर्स बेटांवरून निघाल्यावर पनीर आणि आलुबुखार खाऊन स्लोकमला पोटात मुरडा आला. तापाच्या ग्लानीत त्याला सुकाणूपाशी एक उंच माणूस दिसला. आपण कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आहोत, असे त्याने सांगितले. सकाळी ‘स्प्रे’ नेमक्या दिशेने चाललेली होती. प्रवासाच्या सुरुवातीला हाच स्लोकम केबिनमधून, जणू सुकाणूवर कोणी उभे आहे अशा थाटात, मोठ्याने विचारी की होडी कुठे चालली आहे. उत्तर येत नसे आणि स्वतःचा आवाज त्याला पोकळ वाटे. पुढे सेंट हेलेना बेटावर त्याला खरा सोबती म्हणून बोकड मिळाला. त्याने कॅरिबियन समुद्राचा नकाशा खाल्ला, आणि असेन्शन बेटावर त्याला उतरवण्यात आले.

एकटेपणाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही हे १९६८-६९ च्या पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीइतके दुसऱ्या कशानेच दाखवले नाही. बर्नार मॉयतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना युरोपकडे वळलाच नाही. जाणाऱ्या जहाजावर गलोलीने निरोप फेकून तो पुढे ताहितीपर्यंत गेला. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि जगाला खोटी स्थाने कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची रिकामी होडी सापडली. या दोघांना ‘वेडे’ म्हणून एकाच कप्प्यात घालणे सोपे आहे आणि चूक आहे. पहिल्याला समुद्रावरच राहायचे होते. दुसऱ्याला जमिनीवर परतायला तोंड नव्हते. मन सांभाळण्याचा कसलेल्या दर्यावर्दींचा उपाय नीरस आहे: ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी नोंद, दिवसाला एक दुरुस्ती, आणि अंग धुणे.

खराब हवेत ही घडी मोडते. वायुभार उतरू लागला की शिडे आखूड करायची, आणि तीही वारा मागेल त्याच्या आधी, कारण एकट्याला या कामाला दुप्पट वेळ लागतो. सुटे सामान बांधायचे, थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवायचे. डेकवर जाताना अंगावरचा हार्नेस होडीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. सहा नॉटने जाणारी होडी मिनिटाला १८५ मीटर पुढे जाते. पाण्यात पडलेल्यासाठी ती मागे वळवणारे कोणी नसते. त्यानंतर बहुतेक काळ वाट पाहणे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत, दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात, टॉमींच्या ‘थुरिया’ होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. फ्रेंच गस्ती नौका ‘ओसिरिस’ पोचेपर्यंत तीन दिवस ते होडीत हलताही न येता पडून होते. कण्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी तीच शर्यत पुन्हा धरली आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफरने वाटेत होडी बुडालेल्या प्रतिस्पर्ध्याला तराफ्यावरून उचलले होते. मदतीला येणारे सर्वांत जवळचे माणूस पुष्कळदा दुसरे एकटे माणूसच असते.

शेवटचे दोन दिवस सर्वांत थकवणारे. खोल समुद्रात आपटायला काही नसते; किनाऱ्यापाशी खडक, प्रवाह, जाळी आणि जहाजे असतात, आणि झोपेचे तुकडे दहा मिनिटांवर येतात. जमिनीचा वास दिसण्याच्या आधी येतो, विशेषतः पावसाने भिजलेल्या जमिनीचा. मग दिवे, मग आवाज. ‘सुहैली’ ३१२ दिवसांनी फाल्मथपाशी आली तेव्हा कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे विचारले, कुठल्या बंदरातून आलात? नॉक्स-जॉन्स्टनने उत्तर दिले, फाल्मथ.